काळ्याचा डोळा

फिल्म धुणं हे बायकांचं काम नाही, असं मला आयुष्यात तीन जणांनी सांगितलं. त्यातले दोघे पुढे आपले रोल माझ्याकडेच पाठवायला लागले. तिसरे माझे यजमान. त्यांना पाठवायची गरज नव्हती, ते घरातच होते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. पण मी बढाई म्हणूनच सांगते आहे. जन्मभर स्वयंपाक केला, त्याचं कौतुक कुणी केलं नाही आणि मलाही ते नको. फिल्मचं मात्र हवं आहे.

यजमान अमरावतीच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवत. घराणं इकडचंच, पण कॉलेजसाठी चार वर्षं पुण्यात राहिले आणि येताना दोन वस्तू घेऊन आले: घडीचा कॅमेरा आणि पुणेरी बोलणं. बोलणं दोनेक वर्षांत बरंच उतरलं. माझ्या शेजारी बांधल्यावर वाण नाही पण गुण लागायचाच. कॅमेरा मात्र टिकला. त्याच्याबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, फिल्म कशी धुवावी याचं. त्यात काय लिहिलंय ते हे मला वाचून सांगत, आणि मी ते ऐकून हसत असे, कारण ते लिहिणाऱ्यानं आमचा वैशाख पाहिला नव्हता. म्हणे डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं औषध, पासष्ट फॅरनहाइट अंशांवर गार असावं. आमच्या नळाला उन्हाळ्यात दुपारी जे पाणी येई त्यात चहाची पत्ती टाकली असती तर रंग उतरला असता.

गरम औषधात फिल्म भडक निघते. भडक म्हणजे कशी ते सांगते. फिल्मवर जिथे जास्त उजेड पडला तो भाग औषधात काळा होत जातो, आणि छापताना तोच पांढरा येतो. सावलीतल्या भागावर मुळातच थोडा उजेड पडलेला असतो, त्याचं काम लवकर संपतं. पण उजेडाचा भाग थांबत नाही. औषध गरम असलं, किंवा फिल्म त्यात जास्त वेळ राहिली, किंवा फार हलवली, की तो दाट होत जातो, दाट होत जातो, आणि शेवटी छापलेल्या फोटोत धोतर चुन्याच्या भिंतीसारखं दिसतं आणि धोतरातल्या माणसाला तोंड नसतं. आमच्या वऱ्हाडात तर सगळंच आधीपासून भडक. माती काळी, कापूस पांढरा, माणसं उन्हानं रापलेली, कपडे धुवट, आणि वरून ऊन असं की डोळे मिटावेत. यजमानांनी पहिल्या दोन वर्षांत काढलेल्या सगळ्या फोटोंत आमच्या दोन्ही घरांतली माणसं भुतासारखी आहेत. ते म्हणत, कॅमेऱ्याचा दोष. मी मनात म्हणे, नाचता येईना अंगण वाकडं.

आमची अंधारखोली म्हणजे धान्याची खोली. दाराच्या फटीत गोधडी, खिडकीला घोंगडं, कोनाड्यात लाल काचेचा कंदील. ती फिल्म लाल रंगाला आंधळी असायची, म्हणून लाल उजेडात बसून धुता येई. मी कंदील सांभाळायला आत असे. एकदा हे फिल्म औषधात हेलकावत होते आणि नेमके हेडमास्तर दारात आले. हेडमास्तरांना थांबवायची यांची छाती नव्हती. 'बुडवून ठेव, हलवू नकोस,' एवढं सांगून हे उठले. मी घाबरले, आणि औषधाच्या भांड्याऐवजी शेजारच्या साध्या पाण्याच्या भांड्यात फिल्म सोडली. वर परात झाकली तेव्हा हे दार उघडून गेले, आणि मी बसले हात जोडून. बाहेर इन्स्पेक्टरसाहेबांच्या भेटीची चर्चा झाली, चहा झाला, सुपारी झाली. हे परत आले, फिल्म पाण्यात पाहिली आणि माझ्यावर जे काही बरसले ते मी लिहीत नाही. मग ती पुन्हा औषधात घातली, वाया गेलीच म्हणून फारशी आशा न धरता. सुकल्यावर उजेडाकडे धरून पाहिली तर काय, आजवरची सगळ्यात मवाळ निगेटिव्ह! सासूबाईंच्या पांढऱ्या पातळाच्या चुण्या मोजून घ्याव्यात, आणि त्यांच्या गळ्याखालच्या सावलीतली तुळशीची माळही दिसावी.

हे म्हणाले, 'योगायोग आहे.'

मी म्हटलं, 'योगायोग पुन्हा करून पाहू.'

चार वेळा केला, चारही वेळा झाला. मग यांनी शास्त्राच्या मास्तरासारखा विचार केला आणि मला समजावलं, त्याचं श्रेय मी त्यांच्या पदरात टाकते. फिल्मचा थर औषध पिऊन घेतो. पाण्यात ती निश्चल ठेवली की उजेडाच्या भागातलं औषध चटकन खर्चून जातं आणि तो भाग तिथेच थांबतो. सावलीच्या भागाला मात्र तेवढंच औषध पुरत राहतं, तो सावकाश उमलतो. म्हणजे श्रीमंताचं ताट उचलायचं आणि गरिबाला बसून जेवू द्यायचं. औषधात दोन पुड्या असत. एका पुडीचं काम मऊ, दुसरीचं जहाल. मी म्हटलं, 'एक सासू, एक नणंद.' कोणती कोण ते यांनी विचारलं नाही. जहाल पुडी मी निम्मी केली. भांडं बर्फाच्या पाण्याच्या घंगाळात ठेवायला लागले. बर्फ बडनेऱ्याहून लाकडाच्या भुशात गुंडाळून येई. आणि वेळ मोजायला मी घड्याळ ठेवलं नाही, आईच्या जात्यावरच्या ओव्या म्हणायला लागले. दोन ओव्या औषधात, पाच पाण्यात, पुन्हा दोन औषधात. हे हातात घड्याळ घेऊन माझ्या ओव्या तपासत. कधी पाच सेकंदांहून जास्त चुकल्या नाहीत.

आता मामाची गोष्ट.

माझा मामा अकोल्याजवळ आमच्याच गावी शेती करायचा. स्वतः नांगर धरणारा माणूस. मामी लवकर गेली, मूल नव्हतं. होती ती एक बैलजोडी. एक कोळशासारखा काळा, एक बगळ्यासारखा पांढरा. नावंही तीच, काळ्या आणि ढवळ्या. लोक एका रंगाची जोडी शोधत फिरतात, मामानं मुद्दाम अशी जुळवली होती, आणि शंकरपटाच्या शर्यतीत दोनदा पहिला नंबर आणून चेष्टा करणाऱ्यांची तोंडं बंद केली होती. जत्रेत आलेल्या एका फोटोवाल्याकडून त्यानं जोडीचा फोटो काढवला होता. तो फोटो मामाच्या घरात भिंतीला होता, पण भिंतीकडे तोंड करून. मी एकदा तो उलटून पाहिला. एक पांढरा डाग, त्याला चार पाय. आणि शेजारी बैलाच्या आकाराचं भोक, त्यावर दोन शिंगं.

'माह्या काळ्याले डोळेच नाई त्याच्यात,' मामा म्हणाला. 'मेल्यावर असा दिसते जनावर. म्हून उलटा टांगला.'

त्या वर्षी, दुसरी मोठी लढाई ऐन जोरात असताना, श्रावणात मामाचा पत्रानं निरोप आला. काळ्याच्या मागच्या पायाला काही तरी झालं होतं, वैदू म्हणाला होता की हा पुढचा पोळा पाहणार नाही. निरोपाच्या शेवटी होतं: जवाईबापूंना म्हणावं, मशीन घेऊन या. काळ्याचे डोळे येतील असा एक फोटो पाहिजे. बाकी काही नको.

लढाईमुळे फिल्म मिळत नव्हती. यांनी नागपूरला, मुंबईला पत्रं टाकून एक रोल मिळवला होता, आठ फोटोंचा, आणि तो शाळेच्या समारंभासाठी जपून ठेवला होता. मी फक्त मामाचं पत्र यांच्या ताटाशेजारी ठेवलं. जेवण झाल्यावर हे उठले, कपाटातून रोल काढला आणि कॅमेऱ्यात भरला. या एका गोष्टीसाठी मी त्यांचे शंभर टोमणे माफ केले आहेत.

पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच पोचलो. संध्याकाळी मामानं बैलांचे खांदे लोणी-हळदीनं शेकले आणि कानाशी जाऊन आमंत्रण दिलं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' काळ्याजवळ तो जरा जास्त वेळ थांबला. आठवडाभर झड लागलेली होती, आभाळ भरलेलं. मी मनातून खूश होते. ढगाळ उजेड म्हणजे काळ्या-पांढऱ्यातलं अर्धं भांडण आधीच मिटलेलं.

सकाळी उठून पाहते तर आभाळ स्वच्छ! असं ऊन की चिखल चमकतोय. आणि मी गोठ्यापुढे गेले तर मामा हसतमुखानं उभा.

'पाय, पोरी, कसे सजवले! फोटो चांगला आला पायजे म्हून पहाटपासून करून राहिलो.'

त्यानं ढवळ्याला रिठ्यानं धुऊन वरून कपड्यांची नीळ दिली होती. तो बैल डोळ्यांत घुसत होता. आणि काळ्याला जवसाच्या तेलात काजळ कालवून शिंगापासून खुरापर्यंत चोळलं होतं. एक कातळ करून ठेवला होता त्याचा.

हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, 'संपलं. निळा रंग या फिल्मला पांढऱ्याहूनही पांढरा दिसतो. आणि त्या काजळात आता उजेड शिरणार कुठून? त्यांना सांग, धुऊन टाका म्हणावं.'

मी मामाकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते. लोक लग्नात नवरदेवाला सजवतात तसं त्यानं सजवलं होतं, आणि त्याच्या लेखी पांढरा जितका पांढरा नि काळा जितका काळा, तितका मान मोठा. मी त्याला धुवायला सांगणार? माझी जीभ झडली असती. निदान सावलीत तरी घ्या, हे म्हणाले. तर मामा म्हणाला, 'काळ्याले आता दोनदा हलवू नोका. मोठ्या मुश्किलीनं उभा केला.' तेही खरं होतं. काळ्याचा मागचा पाय थरथरत होता.

मग आम्हा नवरा-बायकोचं भांडण झालं, बैलांच्या देखत आणि हळू आवाजात.

'कॅमेरा काळ्यासाठी उघडा,' मी म्हटलं. 'पुस्तक सांगतं त्याच्या चौपट उजेड आत घ्या.'

'ढवळ्या जळून जाईल.'

'ढवळ्याले मी घरी पाहून घेईन.'

'अगं, एकच रोल आहे. आठही सारख्याच मापानं काढले आणि चुकलं, तर आठही गेले. चार माझ्या हिशेबानं काढू, चार तुझ्या.'

'एका पाण्यात दोन प्रकारची फिल्म धुता येत नाही, हे तुमीच मले शिकवलं. आता काहून भेता?'

मी चिडले की वऱ्हाडीवर येते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याचं भोक मी सांगितलं तेवढं मोठं केलं, आणि आठही फोटो माझ्या मापानं काढले. शेवटचे दोन मी अगदी जवळून काढायला लावले, नुसती दोघांची तोंडं आणि माना. मामा कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून काळ्याला चुचकारत होता. संध्याकाळी गावाच्या आखरावर पोळा भरला, तोरणाखाली चढाओढीनं झडत्यांची गाणी झाली, सगळं गाव नाचलं. मी काही धड पाहिलं नाही. तो रोल माझ्या कमरेला पुरचुंडीत होता आणि मी सारखी चाचपत होते.

परत आल्यावर दोन दिवस बर्फच मिळाला नाही. त्या दोन दिवसांत मी घरात कुणाशी नीट बोलले असेन तर शपथ. तिसऱ्या दिवशी दुपारी बर्फ आला. मी औषध नेहमीपेक्षा दुप्पट पातळ केलं, जहाल पुडी निम्मीचीही निम्मी. फिल्मचा थर सुटू नये म्हणून तुरटीचं पाणी वेगळं करून ठेवलं. हे दाराबाहेर बसले. मी म्हटलं, 'आज घड्याळ नको. आज हातही लावू नका.' आणि त्यांनी तो लावला नाही.

पहिल्या दोन ओव्या औषधात. लाल उजेडात फिल्म अजून पिवळट दुधासारखी. मग पाण्यात. तिथे खरी परीक्षा असते, कारण हात शिवशिवतात. बाईच्या हाताला भांड्यात काही ठेवलं की ढवळायची सवय. मी दोन्ही हात पदरात गुंडाळून बसले. पाच ओव्या. पुन्हा औषधात दोन, आणि ढवळ्या आला. भराभर आला. कपाळ, खांदा, वशिंड, सगळं काळं होत निघालं. फिल्मवर तो काळा आणि काळ्या पांढरा, उलटा संसार. काळ्याच्या जागी काहीच नव्हतं. कोरी फिल्म. मी आतून तसं सांगितलं.

'ढवळ्या पुढे चालला,' हे दाराबाहेरून म्हणाले. 'काढ आता, नाही तर तोही जाईल.'

मी दुसऱ्यांदा पाण्यात सोडली. पाच ओव्यांऐवजी आठ म्हटल्या. मी फिल्मकडे पाहत नव्हते, भिंतीकडे पाहत होते, आणि मनात एवढंच होतं की मामाला काय तोंड दाखवू. माझ्या हट्टापायी आठही फोटो एकाच मापाचे निघाले होते. आठव्या ओवीला मी खाली पाहिलं.

ढवळ्या होता तिथेच थांबला होता. आणि कोऱ्या जागेवर एक करडी रेघ आली होती. ती काळ्याच्या मानेची घडी होती. मग गळ्यातल्या घुंगरमाळेचे मणी आले, एकेक. मग तेलाची चकाकी. अगदी शेवटी, जवळून काढलेल्या दोन फोटोंत, पापणी आणि तिच्याखाली डोळा. मी ओरडले. यजमान दार उघडून आत येणार होते, त्यांना मी अशी शिवी दिली जी बायका देत नाहीत, आणि त्यामुळे रोल वाचला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या दोन्ही जवळच्या फोटोंची छापणी केली. ढवळ्याच्या अंगावरचा एकेक केस दिसत होता, नीळ दिलेली असून. काळ्याच्या काजळाखाली त्याची कातडी दिसत होती, गळ्याखालची पोळी दिसत होती. यजमानांनी भिंग लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं, पुस्तक उघडून काही तरी वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. 'हे यात नाही,' ते म्हणाले. मला आयुष्यात खूप साड्या मिळाल्या. त्यातली एकही या तीन शब्दांच्या तोडीची नव्हती.

गावी जायला आठ दिवस गेले. पोचलो तर गोठ्यात ढवळ्या एकटा. काळ्या चारच दिवसांपूर्वी गेला होता. मामानं त्याला शेतात निंबाखाली पुरला होता, आणि लोकांनी सांगितलं की त्या दिवशी त्यानं डोळ्यांतून टिपूस काढला नाही, घरी येऊन ढवळ्याला चारा टाकला आणि झोपला. अंगणात चार-सहा माणसं बसली होती. मी त्या दोनातला एक फोटो पदराखाली धरून उभी. वाटलं, आता देऊ नये. यजमानांनीच तो माझ्या हातून घेतला आणि मामापुढे धरला.

'हा तिनं धुतला,' सगळ्यांच्या देखत म्हणाले. 'मी म्हणत होतो होणार नाही. तिनं केला.'

त्या काळी नवरे चार माणसांत असं बोलत नसत. मामानं ते ऐकलंही नसावं. त्यानं हात धोतराला पुसले, फोटो घेतला आणि उजेडात नेला. बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं फोटो जरा डावीकडे केला, जरा उजवीकडे केला.

'तो मशीनकडं पाहून नाई राहिला,' मामा म्हणाला. 'मी बाजूले उभा होतो नं. तो मलेच पाहून राहिला.'

आणि तो फोटो छातीशी धरून मामा खाली बसला आणि लहान पोरासारखा मोठ्यानं रडला. माझेही डोळे वाहत होते. पण खरं सांगते, रडता रडता माझी मान ताठ होती. त्या अंगणात त्या क्षणी माझ्याएवढा अभिमान कुणाला झाला नसेल, आणि त्याची मला तेव्हाही लाज वाटली नाही.